दीक्षारंभ : नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागतामागील पूर्वतयारी

उच्च शिक्षणाच्या प्रसाराचे मोजमाप आपल्याकडे सामान्यतः पटसंख्येने केले जाते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील एकूण नोंदणी सुमारे ४.३३ कोटी, तर सकल नोंदणी गुणोत्तर २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे गुणोत्तर २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट गाठावयाचे तर ज्या घरांतून आजवर कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरांतील मुलामुलींना मोठ्या संख्येने विद्यापीठात यावे लागेल. प्रवेश मिळणे आणि विद्यापीठात रुळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुशिक्षित घरातील विद्यार्थ्याला श्रेयांक म्हणजे काय, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कसे ठरतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे भरावयाचा, प्राध्यापकांना वर्गाबाहेर भेटता येते की नाही, ही माहिती आईवडिलांकडून किंवा थोरल्या भावंडांकडून आपसूक मिळते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला ती देणारे घरात कोणी नसते. उत्पन्नाचा दाखला वेळेत न जोडल्याने शिष्यवृत्ती लांबते, वर्गात शंका विचारण्याचे धाडस होत नाही आणि पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत संस्थेला त्याची अडचण कळतही नाही. म्हणूनच विद्यार्थी उद्बोधन कार्यक्रम हा केवळ स्वागताचा उपचार नव्हे. शैक्षणिक समतेच्या साधनांपैकी ते एक साधन आहे.

भयमुक्तीपासून प्रारंभ

आपल्या देशात या विषयाकडे धोरणकर्त्यांचे लक्ष प्रथम वेधले गेले ते रॅगिंगच्या प्रश्नामुळे. तामिळनाडूने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगला प्रतिबंध करणारे कायदे केले. विश्व जागृती मिशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मार्गदर्शक निर्देश दिले. पुढे न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या डॉ. आर. के. राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये सादर झाला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम लागू केले.

परीक्षार्थींना हे विनियम शिक्षेच्या तरतुदींमुळे परिचित असतात. प्रत्यक्षात त्यांतील बराच भाग पूर्वतयारीविषयी आहे. विद्यार्थी व पालक यांची हमीपत्रे घेणे, नवागतांच्या निवासाची शक्यतो स्वतंत्र व्यवस्था करणे, कोणाकडे मदत मागावयाची हे सांगणारे पत्रक आगमनाच्या वेळीच हाती देणे, नवागतांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपविणे आणि नवे व जुने विद्यार्थी यांचे संयुक्त कार्यक्रम घेणे, या गोष्टी संस्थेने सत्र सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवावयाच्या असतात. सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक असावा, अशी अपेक्षाही त्यांत आहे.

तीन आठवड्यांचा प्रयोग

भय दूर करणे ही किमान अट झाली. त्यापलीकडे जाऊन नवागताला घडविण्याचे प्रयोग काही संस्थांनी स्वतंत्रपणे केले. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २००५ पासून मानवी मूल्यांचा अभ्यास हाती घेतला. गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला, तर वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठ परिसरातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये एक महिन्याचा कार्यक्रम राबविला. या अनुभवांच्या आधारे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखला. व्यायाम व खेळ, कला, साहित्य, मूल्यविषयक चर्चा, भाषा वा संगणकातील उणिवा भरून काढणारे वर्ग, मान्यवरांची व्याख्याने, परिसरभेटी आणि स्वतःच्या विद्याशाखेची ओळख ही त्याची अंगे होत. नियमित तासिका या काळानंतरच सुरू व्हाव्यात, अशी कल्पना आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सर्व विद्याशाखांसाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची चार सूत्रे आहेत : समाजीकरण, म्हणजे सहाध्यायी व ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी परिचय, सहबंध, म्हणजे संस्था व परिसराशी नाते, नियमन, म्हणजे नियम व साहाय्यव्यवस्थेची माहिती, आणि अनुभव, म्हणजे अभ्यासपद्धतीपासून कलांपर्यंतचा प्रत्यक्ष सहभाग. त्याच वर्षापासून एमबीबीएस अभ्यासक्रमाच्या प्रारंभीही पायाभूत अभ्यासक्रम सुरू करण्यात आला.

गणित मनुष्यबळाचे

कागदावर निर्दोष दिसणारी ही योजना प्रत्यक्षात कोठे अडते? तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यानुसार मूल्यविषयक चर्चेसाठी वीस विद्यार्थ्यांचा गट आणि प्रत्येक गटाला एक शिक्षक असावा. एखाद्या महाविद्यालयात १,२०० नवे विद्यार्थी येत असतील तर ६० शिक्षक लागतील. हे शिक्षक केवळ उपस्थित असून भागत नाही, त्यांना विद्यार्थ्यांना बोलते करता आले पाहिजे. व्याख्यान देण्याच्या सवयीला येथे मुरड घालावी लागते. यासाठीच परिषदेने शिक्षकांच्या कार्यशाळा आयोजित केल्या. ज्या महाविद्यालयांत निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालते आणि त्यांच्या नेमणुकाच सत्र सुरू झाल्यावर होतात, तेथे जून-जुलैमध्ये गटशिक्षक आणावयाचे कोठून, हा प्रश्न उरतोच.

अशा वेळी सोपा मार्ग निवडला जातो. सभागृहात सर्व विद्यार्थ्यांना एकत्र बसवून पाहुण्यांची भाषणे, संस्थेच्या यशाची चित्रफीत आणि सत्कार एवढ्यावर कार्यक्रम आटोपतो. मान्यवरांची व्याख्याने निरर्थक नाहीत. परंतु सर्वांत कमी खर्चाचे हेच अंग असल्याने त्याचाच विस्तार होतो आणि गटचर्चा मागे पडते. वस्तुतः बुजऱ्या विद्यार्थ्याला सर्वाधिक उपयोग असतो तो नाव घेऊन हाक मारणाऱ्या एका शिक्षकाचा आणि एका ज्येष्ठ विद्यार्थ्याचा.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षिला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा नियमावली पहिल्याच दिवशी इंग्रजीतून वाचून दाखविणे म्हणजे ती न सांगण्यासारखेच आहे. केंद्रीय विद्यापीठांत तर अनेक राज्यांतील विद्यार्थी एकत्र येतात. तेथे पत्रके किमान दोन-तीन भाषांत सिद्ध ठेवणे अवघड नसावे.

नवे विषय

आता उद्बोधनाचा आशयही वाढला आहे. २०२१ मध्ये श्रेयांकांची शैक्षणिक बँक अस्तित्वात आली. चार वर्षांच्या पदवीत मुख्य व गौण विषयांची निवड, मध्येच बाहेर पडण्याची व पुन्हा येण्याची मुभा यांमुळे चुकीच्या निवडीचा परिणाम पुढील सत्रांवर होऊ शकतो. शिष्यवृत्तीसाठी आधारशी जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा व जातीचा दाखला यांची यादी पहिल्या आठवड्यातच मिळाली तर मोठी धावपळ टळते.

मानसिक आरोग्याचा विषय न्यायालयाने अधोरेखित केला आहे. जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. केंद्र शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकावरील सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. समुपदेशकाची ओळख उद्बोधनाच्या काळातच, संकट नसताना झाली, तर पुढे त्याच्या दारावर थाप देण्याचा संकोच कमी होतो.

उशिरा येणाऱ्यांचे काय?

सर्वांत कठीण अडचण वेळापत्रकाची आहे. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्या अनेक आठवडे चालतात आणि शेवटच्या फेरीतील विद्यार्थी तासिका सुरू झाल्यावर दाखल होतात. त्यांत प्रमाणपत्रे वा शुल्काची रक्कम वेळेत न जमल्याने मागे पडलेलेही असतात. म्हणजे उद्बोधनाची ज्यांना अधिक निकड, त्यांच्यापैकी काहीजण नेमके त्यालाच मुकतात. २०२२ मध्ये सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या पहिल्या वर्षी दिल्ली विद्यापीठाचे पहिले सत्र नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. अशा वर्षी तर अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत पहिली कात्री उद्बोधनावर चालण्याची भीती असते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक गटात दोन-तीन जागा उशिरा येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवता येतात, शेवटच्या फेरीनंतर दोन दिवसांचा संक्षिप्त कार्यक्रम घेता येतो आणि गटशिक्षकाची साप्ताहिक भेट सत्रभर चालू ठेवता येते. २००९ च्या विनियमांत पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवागतांचे निनावी सर्वेक्षण करण्याची तरतूद आहेच. रॅगिंगविषयीच्या त्याच प्रश्नावलीत शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि अभ्यासातील अडचणींविषयी आणखी चार प्रश्न जोडले, तर पहिल्या सत्राच्या निकालाची वाट न पाहता संस्थेला मागे पडणाऱ्यांचा अंदाज येऊ शकेल.