ताणाचे संप्रेरक, मेंदूतील ग्राही आणि अल्झायमर

बारामती एमआयडीसीत कामगार रात्रपाळीला निघतात, तेव्हा त्यांचे शरीर झोपेच्या तयारीत असते. रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री कमी व पहाटे जास्त असते. ताण आला की ते अवेळीही वाढते. मग ते पुन्हा उतरते कसे?

शाळेच्या टाकीतील तरंगता गोळा आठवा. पाणी चढले की गोळा वर येतो, तोटी बंद होते. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील ग्राही असेच काम करतात. या भागात असे संप्रेरक धरून ठेवले जाते, हे १९६८ साली ब्रूस मॅकएवेन यांनी उंदरांत दाखवले. ग्राही दोन प्रकारचे. पहिला थोड्या संप्रेरकानेही भरतो. दुसरा भरतो तो ताणाच्या वेळी, आणि मग अधिवृक्क ग्रंथींना आवर बसतो.

ताण दीर्घकाळ टिकला तर या दुसऱ्या ग्राहींची संख्या घटू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. गोळाच बिघडला, की टाकी वाहणारच!

अल्झायमरमध्येही हिप्पोकॅम्पसची हानी लवकर होते आणि बऱ्याच रुग्णांत कॉर्टिसॉल वाढलेले आढळते. अल्झायमरसदृश विकार होणाऱ्या उंदरांना कॉर्टिसॉलसारखे औषध दिल्यावर मेंदूत बीटा-अमायलॉइड व टाऊ ही प्रथिने अधिक साचली, असे २००६ साली कॅलिफोर्नियात दिसले. तथापि, माणसांत ताणामुळेच हा रोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. रोगामुळेही आवर सुटू शकतो.

म्हणून जन्मभर पाळ्या केलेले आजोबा नातवाचे नाव विसरू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये, ‘फार काळजी केलीत’ असा दोषही देऊ नये. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. आपण वर्गात एवढे सांगितले, तरी ते घरोघरी पोचेल.