घुमत्या चाकाचा मालवाहू ट्रेलर

मोटारगृहाच्या किंवा प्रवासी गृह-ट्रेलरच्या मागे सामान वाहून नेण्यासाठी जोडण्यात येणारे एक लहान वाहन. त्याची पुढील बाजू दोन बिजागऱ्यांनी ओढक वाहनाच्या सांगाड्याला जोडलेली असते व मागील बाजू उभ्या आसाभोवती मुक्तपणे फिरणाऱ्या एका चाकावर टेकलेली असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.) व कॅनडा या देशांत वीजजनित्र, सायकली, इंधनाचे डबे, तंबूचे साहित्य इ. वस्तू नेण्यासाठी हौशी प्रवासी असे ट्रेलर पुष्कळदा घरीच बांधतात. रचना दिसावयास सोपी असली, तरी तिच्यावर येणारी बले नेहमीच्या ट्रेलरवरील बलांहून वेगळी असतात. ती न ओळखता केलेली बांधणी महामार्गावर धोकादायक ठरते.

इतिहास : एकचाकी ट्रेलर ही कल्पना मोटारगृहांच्या प्रसारापूर्वीची आहे. १९५० नंतरच्या दशकात अ. सं. सं.मध्ये ‘ऑलस्टेट’ या नावाने, तर जर्मनीत वेस्टफालिया या कंपनीने असे ट्रेलर विकले. ते लहान मोटारगाड्यांच्या मागे, मुख्यत्वे सहलीचे सामान नेण्यासाठी वापरले जात. यांत्रिकीविषयक लोकप्रिय मासिकांतून त्यांच्या घरगुती बांधणीचे आराखडेही प्रसिद्ध होत. १९५६ च्या अधिनियमानंतर अ. सं. सं.मध्ये आंतरराज्य महामार्गांचे जाळे विस्तारत गेले व विनेबागो या कंपनीने १९६६ मध्ये मोटारगृहांचे उत्पादन सुरू केले. निवास व वाहन एकत्र आल्यामुळे प्रवाशांजवळील सामान वाढले. परंतु मोटारगृहाच्या मागील टोकाला ते टांगण्याइतकी ताकद सांगाड्यात सहसा नसे. ही अडचण दूर करण्यासाठी जुन्या एकचाकी ट्रेलरची रचना पुन्हा उपयोगात आली.

तत्त्व : सामान्य दुचाकी ट्रेलर एकाच गोलक-सांध्याने जोडलेला असल्याने तो डावीउजवीकडे वळू शकतो. त्यामुळे मागे जाताना चालकाला सुकाणू उलट दिशेने फिरवावे लागते आणि थोडी चूक होताच ट्रेलर चाकूच्या पात्याप्रमाणे दुमडून वाहनावर आदळतो. घुमत्या चाकाच्या ट्रेलरमध्ये एकमेकींपासून सु. एक मीटर अंतरावर असलेल्या दोन बिजागऱ्यांमुळे आडव्या प्रतलातील वळण पूर्णपणे रोखले जाते. ट्रेलर फक्त वरखाली हलू शकतो. परिणामी तो ओढक वाहनाचा वाढीव भाग बनतो, मागे जाताना दुमडत नाही व वेगात डावीउजवीकडे झोकेही खात नाही. वाहन वळले म्हणजे ट्रेलरचे चाक घरातील खुर्चीच्या किंवा पलंगाच्या चाकाप्रमाणे आपोआप हालचालीच्या दिशेस फिरते.

चाक असे फिरण्याचे कारण म्हणजे त्याचा जमिनीशी होणारा स्पर्श उभ्या आसाच्या काही अंतर मागे होतो. या अंतराला अनुसरण अंतर म्हणता येईल. वाहन पुढे जाताना चाक आसाच्या मागे राहते. वाहन मागे जाऊ लागले की ते अर्धे वर्तुळ फिरून आसाच्या पुढे येते.

भाराची वाटणी : चाकाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका मोटारगृहाच्या पुढील व मागील आसांतील अंतर ४·५ मी. असून जोडाच्या बिजागऱ्या मागील आसाच्या २·५ मी. मागे आहेत. ट्रेलर व सामान मिळून वजन २०० किग्रॅ. असून त्याचा गुरुत्वमध्य बिजागऱ्यांच्या ०·७५ मी. मागे आहे, असे मानू. हेच सामान चाकाविना केवळ टांगलेल्या फळीवर नेले, तर पुढील आसावरील भार सु. १४४ किग्रॅ.ने कमी होतो व मागील आसावर सु. ३४४ किग्रॅ. भार वाढतो. पुढील चाके हलकी झाल्याने सुकाणूची पकड कमी होते. याउलट ट्रेलरचा उभा आस बिजागऱ्यांच्या १·२० मी. मागे व अनुसरण अंतर १२ सेंमी. असेल, तर पुढे जाताना चाक सु. ११४ किग्रॅ. भार पेलते आणि बिजागऱ्यांवर फक्त ८६ किग्रॅ. उरतो. अशा वेळी पुढील आसाचा भार ४८ किग्रॅ.नेच घटतो. मागे जाताना चाक पुढे सरकल्यामुळे त्याच्यावरील भार सु. १३९ किग्रॅ. होतो; म्हणून टायर, आस व धारवे या अधिक भाराला पुरे पडतील असेच निवडावे लागतात. सामान चाकाच्या जवळ ठेवल्यास बिजागऱ्यांवरील भार कमी होतो. मात्र ते चाकाच्या फार मागे गेल्यास ट्रेलरची पुढील बाजू वर उचलली जाऊन बिजागऱ्या उलट दिशेने ताणल्या जातात.

बिजागऱ्यांवरील बले : घुमते चाक उभा भार पेलते; परंतु आडव्या बलाला ते जवळजवळ विरोध करीत नाही, कारण तसे बल येताच ते त्या दिशेस फिरते. म्हणून वळणावर ट्रेलरवर येणारे सर्व केंद्रोत्सारी बल दोन बिजागऱ्यांनाच सोसावे लागते. वरील उदाहरणात वळणावरील आडवे बल वजनाच्या तीनदशांश, म्हणजे ६० किग्रॅ. इतके असेल व बिजागऱ्यांतील अंतर ९० सेंमी. असेल, तर एका बिजागरीवर ५० किग्रॅ. ओढ व दुसरीवर तितकाच दाब येतो. आडवे बल यांखेरीज असते. तसेच एकच चाक मधोमध असल्याने सामान एका बाजूस झुकले, तर त्यामुळे येणारा पीळही बिजागऱ्यांवरच पडतो. १२० किग्रॅ. सामान मध्यरेषेपासून १० सेंमी. सरकले, तर एका बिजागरीवरील भार सु. १३ किग्रॅ.ने वाढतो व दुसरीवरील तितकाच घटतो. ही बले स्थिर अवस्थेतील आहेत. खड्ड्यांतून जाताना ती क्षणभर कित्येक पटींनी वाढतात आणि हजारो वेळा पुनःपुन्हा येतात. वितळजोड एका दणक्याने तुटण्यापेक्षा अशा आवर्ती बलांमुळे आलेल्या शिणवट्याने तडकण्याचा संभव अधिक असतो.

यावरून सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. बिजागऱ्या वाहनाच्या मुख्य सांगाड्याच्या लांब तुळयांनाच जोडावयास हव्यात. पुष्कळ गृह-ट्रेलरांच्या मागे असलेला चौकोनी पोकळ बंपर पातळ पत्र्याचा असून त्याचा उपयोग सांडपाण्याची नळी ठेवण्यापुरताच असतो. मोटारगृहांतही मूळ सांगाड्याच्या मागे घर बांधणाऱ्याने जोडून वाढविलेल्या तुळया मूळ तुळयांइतक्या बळकट असतीलच, असे नाही. ट्रेलर कितीही मजबूत बांधला, तरी त्याची ताकद या जोडापेक्षा अधिक धरता येत नाही.

बांधणी : चौकटीसाठी सामान्यतः ५० मिमी. बाजूची व ३ मिमी. जाडीची चौकोनी पोलादी नळी वापरतात. मधोमध पुढून मागे जाणारी तुळई उभ्या आसाच्या खोबणीपर्यंत नेऊन तिला दोन्ही बाजूंनी तिरपे आधार देतात, कारण चाकाचा सर्व भार या एका ठिकाणी चौकटीत शिरतो. चौकटीच्या पुढील कोपऱ्यांनाही त्रिकोणी पट्ट्या जोडतात. तळासाठी जलरोधक प्लायवुड किंवा जाळीदार पोलादी पत्रा वापरला जातो.

दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळी एकाच सरळ रेषेत असणे आवश्यक असते. तसे नसल्यास प्रत्येक वरखाली हालचालीत चौकटीला पीळ पडतो. म्हणून दोन्ही बिजागऱ्यांतून एक लांब सरळ सळई घालूनच त्यांचे वितळजोडकाम करतात व काम थंड झाल्यावर ती सहज फिरते की नाही, हे पाहतात. खिळीला फार खेळ ठेवल्यास ती दणके खाऊन भोक मोठे करते. खिळ निसटू नये म्हणून तिला अडकण असते.

उभा आस हे बांधणीतील सर्वांत नाजूक अंग होय. घरगुती बांधणीत मोटारगाडीच्या जुन्या चाकाचा तुंबा व त्यातील शंक्वाकार रुळांचे दोन धारवे यांचा त्यासाठी उपयोग करतात. असे धारवे उभा भार व आडवा झोक हे दोन्ही सोसतात आणि नट आवळून त्यांतील खेळ काढता येतो. आस पूर्णपणे उभा असला पाहिजे. तो कलता राहिल्यास चाक फिरताना ट्रेलर वरखाली होतो व चाक एका बाजूस ओढ खाते. मुख्य म्हणजे चाकाला पूर्ण वर्तुळात फिरण्यास मोकळी जागा लागते. ४२ सेंमी. व्यासाचा टायर व १२ सेंमी. अनुसरण अंतर असेल, तर आसाभोवती ३३ सेंमी. त्रिज्येच्या आत कोणताही भाग येता कामा नये. स्प्रिंग पूर्ण दाबली गेली असतानाही चाक तळाला घासू नये.

टायर व वेग : ४·८०–८ या मापाचा लहान टायर प्रकारानुसार सु. २७० ते ३४० किग्रॅ. भार पेलतो. भाराच्या दृष्टीने तो पुरेसा असला, तरी त्याचा लहान व्यास विचारात घ्यावा लागतो. ताशी ९० किमी. वेगाला तो मिनिटास सु. १,१४० फेरे घेतो, तर ६५ सेंमी. व्यासाचे मोटारगाडीचे चाक सु. ७३५ फेरे घेते. त्यामुळे त्याचे धारवे व रबर अधिक तापतात आणि लहान खड्डाही त्याला मोठा ठरतो. बांधकामावरील हातगाड्यांची चाके महामार्गासाठी बनविलेली नसल्याने ती येथे वापरणे धोक्याचे असते.

चाकाची थरथर : ठराविक वेगाच्या पुढे घुमते चाक आपल्या आसाभोवती वेगाने डावीउजवीकडे थरथरू लागते. सामानाच्या ढकलगाडीचे एखादे चाक असे फडफडताना दिसते. विमानांच्या पुढील व शेपटीकडील चाकांत हीच घटना आढळल्याने तिचा सखोल अभ्यास झाला. जर्मनीत फोन श्लिपे व डीट्रिख यांनी १९४१ मध्ये टायरच्या लवचिकतेचा विचार करून तिचे विश्लेषण मांडले. जमिनीवर टेकलेला टायरचा भाग आडवा ताणला जातो व सुटताना चाकाला दुसऱ्या बाजूस ढकलतो. या क्रियेत वाहनाच्या गतीतूनच ऊर्जा मिळत असल्याने कंपने आपोआप वाढत जातात. धारव्यातील सैलपणा, खोबणीची लवचिकता व टायरमधील कमी हवा यांमुळे थरथर लवकर सुरू होते. काही मिनिटांच्या थरथरीनेही वितळजोड तडकू शकतो.

तिच्यावरील उपाय म्हणजे अवमंदन. उभ्या आसावर घर्षण चकत्या बसवून त्या स्प्रिंगने व नटने आवळतात. नट फार आवळल्यास चाक वळणावर फिरण्याऐवजी घासत जाते व टायर झिजतो. सैल सोडल्यास थरथर थांबत नाही. सुकाणूसाठी वापरले जाणारे द्रवयुक्त अवमंदक येथे सहजी चालत नाहीत, कारण चाकाला पूर्ण फेरा घ्यावा लागतो व त्यांचा दट्ट्या मर्यादित अंतरच सरकतो. घर्षण चकत्या कालांतराने झिजत असल्याने त्या वेळोवेळी तपासाव्या लागतात.

वापर : ट्रेलरमुळे वाहनाची लांबी वाढते व वळताना त्याची शेपटी वळणाच्या विरुद्ध बाजूस बाहेर फेकली जाते. वाहन उजवीकडे वळू लागले, तर ट्रेलरचा मागील कोपरा डावीकडील खांबावर किंवा शेजारच्या वाहनावर आदळू शकतो. मागे जाताना चाक अर्धा फेरा घेत असताना आडवा धक्का बसतो. म्हणून हे काम सावकाश व कठीण जमिनीवर करतात. चाक वाळूत रुतलेले असताना जोराने मागे रेटल्यास उभा आस वाकतो. एकच चाक असल्याने टायर फुटताच ट्रेलरची मागील बाजू खाली बसते; यासाठी चौकटीखाली घसरपट्टी व सोबत जादा चाक ठेवणे इष्ट असते.

नव्या ट्रेलरची चाचणी प्रथम रिकाम्या स्थितीत व नंतर टप्प्याटप्प्याने भार वाढवून घेतात. चाकाखाली काटा ठेवून त्याच्यावरील प्रत्यक्ष भार मोजतात. रहदारी नसलेल्या रस्त्यावर मागील दुसऱ्या गाडीतून चाकाकडे पाहणारा सोबती असावा, कारण मोटारगृहाच्या चालकाला ते दिसत नाही व थरथरीचा आवाजही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पहिल्या ८०–१०० किमी. प्रवासानंतर नट, वितळजोड व तुंब्याचे तापमान तपासतात.

कायदा : अ. सं. सं.मध्ये ट्रेलरांच्या नोंदणीचे नियम राज्यपरत्वे बदलतात. घरी बांधलेल्या ट्रेलरची तपासणी करून त्याला ओळख-क्रमांक देण्याची पद्धत अनेक राज्यांत आहे. ट्रेलरमुळे वाहनाचे मागील दिवे किंवा क्रमांकपट्टी झाकली जात असेल, तर थांब-दिवे, वळण-दिवे व क्रमांकपट्टी ट्रेलरवर बसवाव्या लागतात. सुरक्षा साखळ्याही बहुतेक राज्यांत आवश्यक आहेत. गृह-ट्रेलरच्या मागे दुसरा ट्रेलर जोडणे काही राज्यांत निषिद्ध आहे; म्हणून प्रवासाच्या मार्गातील प्रत्येक राज्याचा नियम आधी पाहावा लागतो.

मर्यादा : ही रचना हलक्या सामानासाठीच योग्य आहे. भार वाढविण्यासाठी दोन घुमती चाके लावल्यास उंचसखल रस्त्यावर एका चाकाखालील उंचवटा संपूर्ण चौकटीला पीळ देतो व तो पीळ पुन्हा बिजागऱ्यांवर येतो. मोटारगृहाच्या मागील आसावर आधीच पूर्ण भार असेल, तर बिजागऱ्यांवरील थोडा भारही सांगाड्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. अशा वेळी सामान कमी करणे किंवा गोलक-सांध्याचा सामान्य दुचाकी ट्रेलर वापरणे अधिक सुरक्षित ठरते.