सोनेरी घड्याळामागचे हात

विद्यार्थी मित्रांनो, जामखेडहून तुमची सहल कधी हैदराबादला गेली, तर सालारजंग संग्रहालय अवश्य पाहा. तेथील घड्याळांच्या संग्रहात फ्रान्समधील जुनी घड्याळेही आहेत. थंड देशांत घराच्या भिंतीत शेकोटी असे. तिच्यावरील फळीवर शोभेसाठी अशी सोनेरी घड्याळे ठेवीत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिस शहर त्यांसाठी प्रसिद्ध होते.

असे एक घड्याळ अनेकांच्या हातून तयार होई. घडीसाज आतील यंत्र बनवी. ओतारी कांशाच्या मूर्ती ओती. तिसरा कारागीर त्यांवर बारीक कोरीवकाम करी. तोमीर (१७५१–१८४३) हा अशा कांस्यकामाचा नामवंत कारागीर होता. तबकडीवर मात्र बहुधा घडीसाजाचेच नाव असे.

सर्वांत शेवटी सोन्याचा मुलामा दिला जाई. मुलामा हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहे. आपल्याकडे कल्हईवाला भांडे तापवून त्यावर कथील पसरवतो. मुलाम्याची रीत निराळी होती. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा करीत. तो कांशावर लावून वस्तू विस्तवावर धरीत. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने कांशाला चिकटून राही.

ही वाफ विषारी असते. ती श्वासाबरोबर कारागिराच्या शरीरात जाई. त्याचे हात थरथरू लागत, दात पडत. अनेकांचे आयुष्य त्यामुळे कमी होई.

राव्रियो (१७५९–१८१४) या पॅरिसमधील कांस्यकाराने हे दुःख जवळून पाहिले होते. त्याने आपल्या मृत्युपत्रात ३००० फ्रँक बक्षिसासाठी ठेवले. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधील, त्याला ते मिळणार होते. १८१८ मध्ये दार्से या रसायनशास्त्रज्ञाने हे बक्षीस मिळवले. त्याने भट्टीवर खास धुराडे बसवले. धुराड्यातील हवा तापवली, की ती वर चढे आणि विषारी वाफही आपल्याबरोबर ओढून नेई. पुढे १८४० च्या सुमारास विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची पद्धत आली व पाऱ्याची गरज कमी झाली.

मित्रांनो, पाऱ्याचा धोका अजून संपलेला नाही. जगातील अनेक लहान सोनेखाणींत मजूर आजही पारा तापवून सोने वेगळे करतात. म्हणून एखादी चमकणारी वस्तू पाहाल, तेव्हा ती किती सुंदर आहे एवढेच पाहू नका. ती बनवणारा माणूस सुरक्षित होता का, हेही विचारा.