गडद निळी भिंत : रंगापूर्वी प्रकाशाचा हिशेब

घराच्या रंगकामात ‘नेव्ही ब्ल्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गडद निळ्या रंगाला हल्ली अनेक जण पसंती देतात. दिवाणखान्यातील किंवा शयनगृहातील एखादी भिंत या रंगाने खुलवली जाते. शेड कार्डावरील लहानशा तुकड्यात भारदस्त दिसणारा हा रंग प्रत्यक्ष भिंतीवर उतरल्यावर मात्र कधी खोलीला शोभा आणतो, तर कधी तीच खोली काळवंडलेली आणि कोंदट भासू लागते. खोलीतील प्रकाश, भिंतीची स्थिती आणि रंगकामाची पद्धत या तीन बाबींवर हा परिणाम मुख्यतः अवलंबून असतो. एकदा दिलेला गडद रंग बदलणे खर्चाचे असल्याने या बाबी आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

आरमाराच्या गणवेशापासून भिंतीपर्यंत

या रंगाचे इंग्रजी नाव ब्रिटिश आरमारावरून पडले आहे. १७४८ साली ब्रिटिश आरमारातील अधिकाऱ्यांसाठी गडद निळा गणवेश ठरवण्यात आला आणि पुढे ती छटा आरमाराच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. कापडावर हा रंग जुना असला, तरी आपल्याकडील सामान्य घरांच्या भिंतींवर तो बराच उशिरा आला. त्यामागे रसायनशास्त्रीय कारण आहे.

पूर्वी भिंतींना चुन्याची सफेती दिली जात असे. सफेती अधिक शुभ्र दिसावी म्हणून तिच्यात थोडी नीळ मिसळण्याची पद्धत होती. जोधपूरच्या जुन्या शहरातील निळी घरेही चुन्यात निळा रंग कालवूनच रंगवली जात. चुना मुळात पांढरा असल्याने अशी निळाई कितीही वाढवली, तरी ती आभाळी छटेच्या फारशी पलीकडे जात नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला ‘प्रशियन ब्ल्यू’ हा रंग पुरेसा गडद होता. परंतु चुन्यातील अल्कलीमुळे तो टिकत नसे. १९३०च्या दशकात ‘थॅलोसायनिन ब्ल्यू’ हे अल्कलीलाही दाद न देणारे रंगद्रव्य बाजारात आले. पुढे पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग रूढ झाले. त्यांतील बंधक द्रव्य वाळल्यावर पारदर्शक होत असल्याने रंगद्रव्याची गडद छटा भिंतीवर तशीच उमटू लागली.

प्रकाश किती परत येतो?

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश परत खोलीत पाठवते. गडद निळ्या भिंतीच्या बाबतीत हे प्रमाण बहुधा १० टक्क्यांपेक्षाही कमी असते. उरलेला प्रकाश भिंत शोषून घेते.

समजा, एक खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. दारे-खिडक्या वगळल्या नाहीत, तर तिच्या चारही भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट भरते. त्यांपैकी १० फूट रुंदीची एकच भिंत, म्हणजे १०० चौरस फूट, गडद निळी केली आणि ती ६ टक्के प्रकाश परत पाठवते असे धरले, तर सर्व भिंतींची सरासरी ८० टक्क्यांवरून सुमारे ६३ टक्क्यांवर येते. हा बदल जाणवतो, पण सुसह्य असतो. चारही भिंती निळ्या केल्यास मात्र तीच सरासरी ६ टक्के होते आणि भरदिवसा दिवे लावण्याची वेळ येऊ शकते. ज्या सदनिकांच्या खिडक्या शेजारच्या इमारतीकडे उघडतात, तेथे हा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे.

कोणती भिंत निवडावी, हेही प्रकाशावरच ठरते. खिडकीसमोरील भिंतीवर निळा रंग सर्वांत खुलून दिसतो. परंतु खोलीभर उजेड पसरवण्याचे कामही मुख्यतः तीच भिंत करत असते. त्यामुळे भरपूर उजेड असेल तरच ती निवडावी. ज्या भिंतीत खिडकी आहे ती निळी केल्यास उजेड कमी घटतो. मात्र खिडकीच्या तेजापुढे तो रंग जवळजवळ काळा दिसतो. कमी उजेडाच्या खोलीत पलंगाच्या किंवा सोफ्याच्या मागील बाजूची भिंत हा मध्यम मार्ग ठरतो.

भिंतीची पूर्वतयारी

फिकट रंगाखाली झाकले जाणारे दोष गडद रंग उघडे पाडतो. भिंतीत ओल असेल, तर पाण्याबरोबर आतील क्षार पृष्ठभागावर येतात. पांढऱ्या भिंतीवर सहसा लक्षात न येणारे हे क्षार निळ्या भिंतीवर ठळक पांढऱ्या डागांच्या रूपाने दिसतात. म्हणून आधी गळती किंवा ओल येण्याचे मूळ कारण दूर करणे आणि भिंत पूर्ण वाळू देणे आवश्यक आहे. सिमेंटचा नवा गिलावा असल्यास रंगकामापूर्वी सुमारे चार आठवडे थांबावे. कोकणपट्टी, केरळ किंवा ईशान्य भारतासारख्या अतिपावसाच्या प्रदेशांत हे काम पावसाळ्यानंतरच हाती घेणे श्रेयस्कर.

जुना रंग खरवडताना विशेष काळजी घेतली पाहिजे. २०१६च्या नियमांनुसार भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांमध्ये ९० भागांपेक्षा अधिक असता येत नाही. मात्र त्यापूर्वी दिलेल्या थरांत शिसे अधिक असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. असे थर कोरडे घासू नयेत. ओले करून घासावेत. त्या काळात मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे आणि जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

रंगाचे हात

पांढऱ्या रंगाची झाकणशक्ती टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येते. गडद छटांसाठी वापरल्या जाणाऱ्या बेसमध्ये हे द्रव्य अत्यल्प असते. परिणामी, निळा रंग गडद असूनही पहिल्या हातात भिंत झाकत नाही आणि ब्रशचे पट्टे दिसतात. प्रायमर राखाडी छटेचा घेतल्यास रंग लवकर भरतो. तरीही दोनऐवजी तीन हात लागतील असे गृहीत धरूनच खर्चाचा अंदाज बांधावा. एकाहून अधिक डबे लागणार असतील, तर ते मोठ्या भांड्यात एकत्र करून घ्यावेत, अन्यथा भिंतीवर छटेचा फरक दिसतो. शेडचा क्रमांक लिहून ठेवल्यास पुढील डागडुजी सोपी होते.

अगदी मॅट रंगावर हात लागल्याच्या खुणा उमटतात, तर चकाकणाऱ्या रंगात पुट्टीचे उंचवटे नजरेत भरतात. म्हणून मंद चमकेचा, धुता येण्याजोगा रंग घराच्या अंतर्भागासाठी योग्य समजला जातो. बाहेरील भिंतींना, विशेषतः पश्चिमेकडील भिंतीला, हा रंग देणे टाळावे. गडद पृष्ठभाग उन्हाची उष्णता अधिक शोषतो आणि आतील खोली तापते.

दिवे आणि सोबतचे रंग

पिवळसर दिव्यांच्या प्रकाशात निळा अंश कमी असल्याने निळी भिंत रात्री काळपट दिसते. सुमारे ४००० केल्विनचा तटस्थ पांढरा दिवा तिची निळाई राखतो. छत आणि उरलेल्या भिंती पांढऱ्या किंवा मलईच्या रंगाच्या ठेवल्यास समतोल साधतो. निळ्या पार्श्वभूमीवर पितळी समई, सागवानी लाकूड किंवा मोहरीच्या पिवळ्या रंगाचे पडदे उठून दिसतात, कारण हे उबदार रंग निळ्याच्या विरुद्ध स्वभावाचे आहेत.

निर्णय घेण्यापूर्वी रंगाचा लहान डबा आणून दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत आणि तो नियोजित भिंतीवर टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या प्रकाशात पाहावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घर सोडताना भिंत पुन्हा पांढरी करण्यासाठी प्रायमर आणि रंगाचे अनेक हात लागतील, हेही ध्यानात ठेवावे. एवढे करूनही तो पुठ्ठा तिन्ही वेळी मनास भावला, तर ती भिंत निःशंकपणे निळी करण्यास हरकत नाही.