विषाणूसाठी सुटी कुलुपे

सन २०२१ मध्ये महाराष्ट्रातून निपाणीकडे येणाऱ्या प्रवाशांस कोगनोळीच्या नाक्यावर कोरोना चाचणीचा दाखला दाखवावा लागे. ज्यांचा बाजार एका राज्यात आणि सोयरेधायरे दुसऱ्या राज्यात, अशा सीमाभागातील लोकांस तो जाच वाटला; तथापि रोगास दाराबाहेरच अडवावे, हा त्यामागील हेतू सरळ होता. शरीरातील पेशीच्या दाराशीही असे काही करता येईल काय, या प्रश्नाचा शोध शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे घेत आहेत.

विषाणू स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. त्यास जिवंत पेशीत शिरावे लागते. पेशीच्या पृष्ठभागावर नाना प्रथिने असतात. ती शरीराच्या नित्य कामासाठी असतात. परंतु विषाणू त्यांतील एखाद्यास नेमका चिकटतो आणि आत प्रवेश मिळवितो. अशा प्रथिनास ग्राही म्हणतात. कोरोना विषाणूचा ग्राही ‘एसीई-२’ हा होय. रक्तदाबाच्या नियमनात त्याचा वाटा असतो.

निपाणीतील तंबाखूची एखादी वखार डोळ्यांपुढे आणावी. चोराने तिच्या कुलपाची किल्ली मिळविली आहे. मालकाने तशीच पुष्कळ सुटी कुलुपे वाटेवर टाकली आणि किल्ली त्यांतच अडकून बसली, तर वखार वाचेल. शास्त्रज्ञांची युक्ती हीच आहे. ग्राहीचा पेशीत रुतलेला भाग वगळून केवळ बाहेरचा भाग प्रयोगशाळेत तयार करावयाचा. तो द्रवात विरघळतो, मोकळा फिरतो आणि विषाणूस वाटेतच गुंतवितो.

लशीचा मार्ग निराळा. २०२० साली कोव्हॅक्सिनच्या पहिल्या मानवी चाचण्यांसाठी निवडलेल्या १२ संस्थांत बेळगावचे जीवनरेखा रुग्णालय होते. लस शरीरास शत्रूची ओळख पटविते. परंतु विषाणू रूप पालटून ती ओळख चुकवू शकतो. कुलपाचे तसे नाही. आपल्या किल्लीचा आकार फार बदलला, तर त्याचे खरे दारही उघडणार नाही.

मग हे औषध दवाखान्यात का नाही? एड्सच्या विषाणूचा ग्राही ‘सीडी-४’ १९८७-८८ च्या सुमारास असाच विद्राव्य करण्यात आला. प्रयोगशाळेतील विषाणू त्याने रोखले. रुग्णांत मात्र यश आले नाही. रुग्णांच्या शरीरातील विषाणूंस रोखण्यास त्याची मात्रा कितीतरी अधिक लागे, आणि ते प्रथिन रक्तात फार काळ टिकतही नसे. २०२० मध्ये विद्राव्य मानवी एसीई-२ ने पेशींतील कोरोना विषाणूची वाढ पुष्कळ घटविली. उंदराच्या त्याच प्रथिनाचा मात्र काही उपयोग झाला नाही. कुलूप नेमके हवे, हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु पुढे गंभीर रुग्णांवरील चाचणीत मुख्य उद्दिष्ट साधले नाही.

तरीही ही कल्पना पोकळ नव्हे. संधिवातावरील ‘इटानरसेप्ट’ हे औषध विद्राव्य ग्राहीच असून १९९८ पासून वापरात आहे. ते विषाणूस नव्हे, तर शरीरातीलच दाहकारक प्रथिनास अडकविते. विषाणूच्या बाबतीत ते प्रथिन अधिक काळ टिकावे, अधिक घट्ट चिकटावे आणि शरीराच्या नित्य व्यवहारास बाधा आणू नये, ही तीन कामे साधावयाची आहेत. ती साधेपर्यंत काचेच्या नळीतील यशास औषध समजू नये. आणि हाती असलेली लस, ती केवळ जुनी म्हणून, दूर लोटू नये.