कच्चे मडके आणि गावची कविस्पर्धा

सत्तावीस फेब्रुवारी जवळ आली, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी येणारा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला, की शाळाशाळांतून आणि वाचनालयांतून कविस्पर्धेचे फलक लागतात. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या गावची अशी स्पर्धा डोळ्यांपुढे आणा. व्यासपीठावर येणारे कवी कोण असतात? एक गुरुजी असतात, एक तलाठी, एक किराणा दुकानदार, अंगणवाडीतल्या ताई, आणि हरभऱ्याचे खळे उरकून घाईघाईने आलेला एखादा शेतकरी. ह्या मंडळींना आपण ‘हौशी कवी’ म्हणतो. आणि म्हणताना पुष्कळदा गालातल्या गालात हसतो. हे हसणे कितपत बरोबर आहे, आणि अशा कवींची स्पर्धा घ्यायची तर ती कशी घ्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

हौशी कवी म्हणजे काय? ज्याचे पोट कवितेवर चालत नाही तो. हा अर्थ धरला, तर मराठीतले थोर कवी बहुतेक हौशीच ठरतील, बरं का! सावता माळी मळा राखीत. गोरोबा मडकी घडवीत. नामदेव शिंप्याच्या घरचे. आणि गंगाखेडची जनाबाई तर नामदेवांच्या घरी दळणकांडण करी. कवितेचा धंदा ह्यांच्यापैकी कोणीच केला नाही. आधी हातातले काम, आणि कामाबरोबर कविता, असा हा आपला जुना रिवाज आहे.

ह्या संतमंडळींची एक कथा आपल्या भागातली आहे, आणि ती प्रत्येक परीक्षकाने आणि प्रत्येक स्पर्धक कवीने ध्यानात ठेवावी अशी आहे. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गोरोबांचे गाव. परंपरा अशी सांगते, की तिथे एकदा सगळे संत जमले असता मुक्ताबाई गोरोबांना म्हणाली, “काका, तुम्ही जाणते कुंभार. ह्या मडक्यांत पक्की कोणती आणि कच्ची कोणती, ते सांगा.” गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिले. बाकीचे संत गप्प बसले. नामदेवांना मात्र राग आला. गोरोबा म्हणाले, “हे मडके कच्चे आहे!” नामदेव म्हणजे विठ्ठलाचा लाडका; त्यांना हा शब्द किती लागला असेल! पण कथा इथे संपत नाही. नामदेव तिथून निघाले ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू केले, आणि पुढे ज्यांची पदे पंजाबात शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात घेतली गेली ते नामदेव झाले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात आजही त्या ग्रंथाचे नित्य पठण होते.

आता ह्या कथेचे मर्म पाहा. गोरोबांनी नामदेवांना हिणवले नाही. “छान छान” म्हणून पाठही थोपटली नाही. त्यांनी कारागिराच्या हाताने पारख केली आणि खरे ते सांगितले. आणि कच्चे म्हणजे टाकाऊ नव्हे. ज्याला आणखी भाजायला हवे ते कच्चे. एवढा भेद ज्या स्पर्धेत पाळला जातो, तिच्यातून कवी घडतो. जिथे तो पाळला जात नाही, तिथे नुसती प्रमाणपत्रे वाटली जातात.

ही पारख करण्याची एक शिस्तबद्ध रीत आपल्या मराठवाड्याला शेजारच्या भाषेतून पाहायला मिळाली. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू होते. त्या काळात मराठीची कुचंबणा झाली, हे खरेच आहे. पण भाषेचा त्यात काय दोष? उर्दू कवींची ‘तरही मुशायरा’ नावाची एक चाल आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. मुशायऱ्याच्या आधीच सगळ्या कवींना एक ओळ कळवली जाते. त्या ओळीचे वृत्त, तिचा यमक आणि शेवटी परत परत येणारा शब्द कायम ठेवून प्रत्येकाने आपापली गझल रचून आणायची. मुशायऱ्यात आधी नवखे वाचतात आणि मागाहून नाणावलेले. एखादा शेर आवडला तर ऐकणारे ‘मुकर्रर’ म्हणतात, म्हणजे पुन्हा म्हणा. सगळ्यांचे माप एकच असल्यामुळे कोणाची वीण घट्ट आणि कोणाची सैल, ते अडाणी माणसालाही कानाने कळते. ह्याच परंपरेत ‘इस्लाह’ असते. शिष्य आपली रचना उस्तादाला दाखवतो, उस्ताद त्यातला एखादा शब्द बदलून देतो, आणि तेवढ्याने ओळ उभी राहते.

मराठीतही हे नाही असे नव्हे. एक चरण देऊन बाकीचे पुरे करायला लावण्याची समस्यापूर्ती आपल्याकडे आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात एक शाहीर गाण्यातून कूट घाली आणि दुसऱ्याने ते गाण्यातूनच उलगडायचे असे. गावची मंडळी रात्र रात्र जागून ते ऐकत आणि कोण अडला ते तिथल्या तिथे ओळखत. ऐकणाऱ्याचा कान तयार असला म्हणजे स्पर्धा आपोआप चांगली होते.

पण कान नसेल तर काय होते? परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याला १९१३ साली जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे आपले बी. रघुनाथ, बांधकाम खात्यात कारकून होते. दिवसा फायली आणि उरल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या, असा त्यांचा संसार. १९५३ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करता करताच ते गेले. आज मराठवाड्यातल्या आधुनिक कवितेचा विषय निघाला की त्यांचे नाव आधी निघते. कचेरीतल्या कारकुनाला कवी म्हणून ओळखणारी माणसे त्याच्या हयातीतच भोवती असावी लागतात, एवढे तरी आपण ह्यातून शिकावे.

बहिणाबाई चौधरींचेही तसेच. खानदेशातली ही माउली १९५१ साली वारली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या होत्या, मुलगा सोपानदेव ह्यांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. टिपून घेणारा कोणी नसता तर? जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम गी पॉईटवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी पुढे हाती घेतले, तेव्हा महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळाल्या. ज्या बायांनी त्या म्हटल्या त्यांना कोणी कधी कवयित्री म्हटले नव्हते.

तेव्हा गावच्या कवीचे नुकसान दोन तऱ्हांनी होते. एक, त्याला हसल्याने. दुसरे, त्याची खोटी स्तुती केल्याने. हसल्यावर तो वही मिटतो. खोट्या स्तुतीने वही चालू राहते, पण कविता तिथल्या तिथे फिरते. जो गडी आयुष्यभर तिफण धरतो, त्याच्या कवितेत चंद्र-चकोर आणि कमळाची तळी येतात. कारण पुस्तकातली कविता अशीच असते, असे त्याला वाटते. त्याला कोणीतरी सांगायला हवे की, दादा, तुझ्या धुऱ्यावरची बाभळ येऊ दे, ऐन फुलोऱ्यात आभाळ आले म्हणजे तुरीकडे पाहताना तुझ्या पोटात काय होते ते येऊ दे. पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी शेती करता करता कविता लिहिली. १९६७ साली त्यांच्या ‘रानातल्या कविता’ आल्या, आणि रानातले शब्द कवितेत शोभतात की नाही ही शंकाच मिटली.

आता गुरुजनांना चार सूचना कराव्याशा वाटतात. स्पर्धेआधी पंधरा दिवस एखादी ओळ किंवा विषय सगळ्यांना द्यावा. मग उसनी कविता आणण्याची सोय उरत नाही. परीक्षकाच्या हाती कवितेवर नाव नसावे, नुसता क्रमांक असावा. म्हणजे सरपंचांचा भाचा आणि सालगडी एका पंगतीत बसतात. निकालाच्या वेळी प्रत्येक कवीला त्याची एक चांगली ओळ आणि एक सैल ओळ दाखवून द्यावी. त्यातही चांगली आधी सांगावी. आणि महिन्याभराने सगळ्यांना पुन्हा बोलवावे, सुधारलेली कविता वाचायला लावावी, आणि ज्याने सर्वांत अधिक सुधारणा केली त्याचा नारळ-शाल देऊन सत्कार करावा. खर्च फारसा नाही. शेवटी सगळ्या कविता एका वहीत उतरवून ती वही गावच्या वाचनालयात ठेवावी. ज्या आजीला लिहिता येत नाही, तिची ओवी नातवाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याच वहीत लिहून काढावी.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भरले आहे: नांदेडला १९८५ साली शंकर पाटलांच्या अध्यक्षतेखाली, आणि लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला २०२२ साली भारत सासणे ह्यांच्या अध्यक्षतेखाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हे सारे अभिमानाचेच आहे. पण संमेलनाचा मांडव चार दिवसांत उतरतो, आणि दर्जाचा कागद दिल्लीला राहतो. भाषा रोज वागवायची ती गावातल्या माणसांनीच. लोहा, मुखेड, देगलूर, औसा, निलंगा, अहमदपूर इथल्या बायाबापड्यांच्या तोंडी पावसाचे, मातीचे, दुःखाचे जे शब्द आहेत, ते आमच्यासारख्या प्राध्यापकांच्या हातून कवितेत यायचे नाहीत. ते आणील तर तोच हौशी कवी आणील.

म्हणून यंदा गावात कविस्पर्धा झाली, तर पहिल्या ओळीत जाऊन बसा. आवडले तर मोकळ्या मनाने ‘पुन्हा म्हणा’ म्हणा. आणि मडके कच्चे वाटले, तर गोरोबांसारखे हलक्या हाताने सांगा. फोडू मात्र नका.