गॅसच्या पिवळ्या पाइपला चीर गेली, तर ती थांबते कुठं?

बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, रस्ता खणून गॅसचा पिवळा पाइप टाकायला लागले की एक प्रश्न हमखास निघतो: "प्लास्टिकचाच ना हा? फुटला तर?"

हा पाइप पॉलिइथिलीनचा. गंजत नाही, वाकतो, आणि टिकाव लागला तर बहुधा तिथंच भोक पडतं. अभियंत्यांना खरी धास्ती असते ती धावत्या चिरेची. अशी चीर सेकंदाला शंभर मीटरहून जास्त वेगानं नागमोडी पळते आणि पाइप लांबच्या लांब उकलून टाकते. प्रकार दुर्मीळ, पण झाला तर गॅस एका भोकातून नाही, अख्ख्या लांबीतून सुटतो.

पाण्यानं पूर्ण भरलेल्या पाइपात असं होत नाही, कारण चीर पडताच दाब कोसळतो. गॅस मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखा. बाहेर पडता पडता चीर फाकवत राहतो. दाब ओसरण्याची लाट पाइपातून सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगानं पुढं जाते. तिच्यामागं उरलेला दाब चीर फाकवायला पुरला नाही, की चीर थांबते. दाब जास्त, व्यास मोठा, भिंत जाड आणि थंडी कडक, तेवढा धोका जास्त. जाड भिंत म्हणजे मजबुती असं वाटतं, पण जाड प्लास्टिक आतून ताणलं न जाता काचेसारखं तडकू शकतं.

म्हणून पाइपाची परीक्षा 0 अंश सेल्सिअसला घेतात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात विकसित झालेल्या 'एस-4' चाचणीत लहान तुकड्यावर पात्याचा घाव घालतात आणि चीर किती पळते ते बघतात. आत चकत्या बसवून गॅसला पुढं निसटू देत नाहीत, त्यामुळं ही चाचणी प्रत्यक्षापेक्षा कडक ठरते. 4 बारवर चालणाऱ्या लाइनचा पाइप, पूर्ण आकाराच्या हिशेबानं, किमान 6 बारपर्यंत चीर रोखणारा हवा. एस-4 मध्ये तो आकडा साधारण 0.94 बार येतो.

आपल्याकडे मीटरभर खोल माती शून्याच्या आसपासही जात नाही, ही जमेची बाजू. काळजी घ्यायची ती सांध्यांची. धूळ किंवा ओल राहिलेल्या, घाईनं वितळवून जोडलेल्या सांध्यातून चीर सुरू होऊ शकते. पाइप खडीवरून ओढताना भिंतीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल ओरखडा पडला, तर तेवढा तुकडा कापूनच टाकतात. नव्या लाइनची हवा भरून चाचणी होते तेव्हा दाब रोजच्यापेक्षा जास्त असतो. त्या वेळी उघड्या चरापासून पोराबाळांना लांब ठेवलेलं बरं.